घरचा काटा

“काटा चुकत असेल हो. तुम्ही जरा बघा ना,” मी ह्यांना म्हणाले.

चिमणी इस्पितळाचा हिरवा गाऊन घालून काट्यावर उभी होती. गाऊन मागून पुरत नव्हता, म्हणून मी चादर धरून तिच्या पाठीशी. काट्यावर एकशे चाळीस. सकाळी घरी एकशे अठ्ठावीस भरली होती. तासाभरात मुलीने काय दगड गिळले?

चिमणी हे नाव जन्मतानाचं. दीड किलोची होती, काचेच्या पेटीत ठेवलेली. आता पंधराची आहे आणि त्या नावाने कुणी हाक मारली की वर्ग हसतो. झोपेत श्वास अडकतो तिचा, मी हलवून जागी करते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकत चाललंय, जठर लहान करायचं ऑपरेशन हाच उपाय. पण आधी महिनाभर नुसतं पातळ खाऊन एकशे अडतीसवरून एकशे अठ्ठावीसवर या. यकृतावरची चरबी उतरल्याशिवाय आत दुर्बीण फिरत नाही.

आमचे हे काटे दुरुस्त करतात, बावीस वर्षं झाली. दुकानदाराने कितीही गोड बोलून बघावं, हे ग्रॅमभर हलायचे नाहीत. मला ह्यांच्या त्या ताठपणाचा वैताग यायचा आणि चारचौघांत अभिमानही वाटायचा.

नर्स म्हणाली, “काका, गेल्या महिन्यात तुम्हीच तपासून गेलात की हा.”

हे गुडघ्यावर बसले. काट्याच्या कडेला, आतल्या स्क्रूला कुणी हात लावू नये म्हणून तारेत ओवलेलं शिशाचं सील होतं, त्यावर ह्यांचाच शिक्का. त्यावरून अंगठा फिरवत राहिले. उठायला इतका वेळ लागला की मला राग आला.

“काटा बरोबर आहे,” हे म्हणाले.

“मग घरचा?” चिमणीने विचारलं.

हे तिच्याकडे बघेनात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या आठवड्यात पोरगी एवढी उपाशी राहिली आणि काटा जागचा हलला नाही, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. दुसऱ्या दिवशी तीन किलो कमी. नंतर दर आठवड्याला तसंच. मी मेली देवाचे आभार मानत होते.

“तू धीर सोडू नयेस म्हणून गं,” हे म्हणाले. “वाटलं, हुरूप आला की खरंच उतरेल.”

चिमणी काट्यावरून उतरली. हळूच म्हणाली, “काटा उतरतोय बघून मी शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं खायचे, बाबा. रोज. म्हटलं, एवढ्याने काही होत नाही.”

कुणावर तोंड टाकणार? चादर हातात तशीच होती, तिची घडी घालत बसले.

डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, आज होणार नाही, नाव पुन्हा यादीच्या शेवटी जाईल, वर्ष तरी लागेल. मी विचारलं, “तोवर तिचं हृदय?” ते कागदाकडे बघत म्हणाले, “जपा तिला.” याच डॉक्टरांनी मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की सहा महिन्यांपलीकडचं मी काही बोलू शकत नाही. हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ह्यांनी लपवलं म्हणून मी कोणत्या तोंडाने भांडू?

घरी आल्यावर ह्यांनी हातपाय न धुताच काटा उलटा केला. पत्रा काढला, आतला स्क्रू फिरवला. पेटीतली वीस-वीस किलोची वजनं एकावर एक ठेवून पुन्हा पुन्हा बघितलं. चिमणी दाराला टेकून उभी होती.

“ये,” हे म्हणाले.

ती चढली. एकशे चाळीस.

“बाबा, पहिल्यासारखाच ठेवा ना,” ती म्हणाली. “आता काय फरक पडतो?”

जन्मापासून ह्यांनी तिला कशालाच नाही म्हटलेलं नाही. ती उतरली तसा ह्यांनी स्क्रूला हात न लावता पत्रा लावला, स्क्रूच्या भोकातून तार ओवली आणि दुकानदारांच्या काट्यांना लावतात तसं शिशाचं सील अडकवलं. पक्कड दाबून त्यावर आपला शिक्का उमटवला. मग तिथेच जमिनीवर बसून राहिले. पक्कड मुठीत बराच वेळ मिटलेलीच होती.