नानांच्या कानातली तपासणी

मी एक जुना इअरबड आहे. जुना म्हणजे फार नाही, पण आमच्या जातीत दोन वर्षांत म्हातारपण येते. खरे तर आम्ही दोघे आहोत, उजवा आणि डावा, आणि राहायला आमची एक गुळगुळीत काळी डबी. बोलतो आहे तो मी उजवा. डावा माझा सख्खा भाऊ असला, तरी माझा त्याच्यावर पुरता विश्वास नाही. तो फार शांत असतो, आणि शांत माणसांच्या मनात काय शिजते आहे ते कधी कळत नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा कसला संशयखोर! पण ज्याचा जन्म लोकांच्या कानात जायचा आहे, त्याने भोळे राहून कसे चालेल? दूरच्या एका मोठ्या कारखान्यात मी तयार झालो. मला खोक्यात बसवले आणि त्या खोक्यावर माझे इतके गोडवे गायले, की मलाच शंका आली. 'जगातला सर्वांत स्वच्छ आवाज' म्हणे! तोवर माझा आवाज कोणी धड ऐकलाही नव्हता. मग पुण्यातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात माझी सोय झाली. तिथला विक्रेता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "हा शेवटचाच पीस आहे" असे सांगायचा, आणि माझ्या मागे तर माझ्यासारख्यांची रांग लागलेली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. ऐकलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

एक दिवस तनुजा नावाची मुलगी दुकानात आली. कपाटातल्या सगळ्यांत महागड्या जोडीकडे, म्हणजे आमच्याकडे, तिने बोट दाखवले. मी थोडा फुगलो. तेवढ्यात ती म्हणाली, "सासऱ्यांना चालले नाहीत तर परत घ्याल ना?"

"मुदतीत आणा आणि खोकं फाडू नका," विक्रेता म्हणाला.

माझा फुगा तिथेच फुटला. म्हणजे मला घर मिळाले नव्हते, नुसता वायदा मिळाला होता. परत गेलेल्या मालाचे दुकानात काय होते ते मी पाहिले होते. त्याला कोपऱ्यातल्या टोपलीत टाकतात आणि मग त्याच्याकडे कोणी बघत नाही.

तनुजाचे घर कोथरूडला, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. घरात ती, तिचा नवरा इंद्रजीत, सासूबाई कौशल्याबाई आणि सासरे हिंदुराव. हिंदुरावांना सगळे नाना म्हणत. नानांची सारी नोकरी खडकीच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली होती. निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नव्हती. घरात आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून जायची. पास झाली तर बुडाला हिरव्या रंगाचा ठिपका. नापास झाली तर लाल फुली. आणि शंका असली तर खडूने एक पांढरी रेघ, म्हणजे माल संशयित, पुन्हा तपासा. मिक्सरला हिरवा ठिपका होता, कुकरला होता, छत्रीला होता. गॅलरीतल्या घडीच्या खुर्चीला लाल फुली होती, पण कौशल्याबाई रोज संध्याकाळी तीच खुर्ची घेऊन बसत. "ज्याचा हात मालात गुंतला, त्यानं माल पास करायचा नाही," हा नानांचा आवडता नियम होता. खोटे कशाला सांगू, या माणसाला पाहून मला बरे वाटले. कोणीतरी माझ्या स्वभावाचा भेटला होता.

"नाना, गाणी ऐकायला आणलेत," तनुजा त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली. "रोजच्या वापराला चालतील का, तपासून सांगा. घरात तुमच्याशिवाय कोण तपासणार?"

"आज एकदम माझी आठवण?" नाना म्हणाले. "काय हवंय?"

तिला काही नको होते. नानांना ऐकू कमी येत होते, एवढीच गोष्ट होती. वय झाले की कान माणसाच्या आधी निवृत्त होतात. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितले होते, पण नाना ऐकत नव्हते. "मला स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता," हे त्यांचे ठरलेले उत्तर. आमच्यात समोरच्याचे बोलणे टिपून मोठे करून कानात सोडण्याची सोय आहे, ती बघून तनुजाने आम्हाला आणले होते. गाणी हा नुसता बहाणा.

तिने फोनवर ती सोय चालू केली, लांब दारापाशी गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाना, चहा टाकू?"

मित्रांनो, मी त्यांच्या कानातच होतो. मी एकही अक्षर सांडू दिले नाही. नानांचा श्वास क्षणभर थांबलेला मला कळला. किती वर्षांनी त्यांना कोणीतरी न ओरडता काही विचारले होते! मला वाटले, आता हिरवा ठिपका आलाच.

"काही फरक नाही," नाना म्हणाले. "तसंच आहे."

मी चाट पडलो. तनुजाचा चेहरा उतरला. "असू दे, गाणी तरी ऐका. मुदत संपायच्या आत सांगा, नाहीतर परत देऊन येऊ," ती ओरडून म्हणाली आणि आत गेली.

नाना असे का म्हणाले, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. घरात एकटे असले की नाना स्वतःशी पुटपुटत. त्यांच्या मते ते पुटपुटणे, एरवी ते खालच्या मजल्यावरही ऐकू जात असेल. "आता कळेल, काय कारस्थान चाललंय ते," ते म्हणाले. स्वयंपाकघरात कोणी हसले, की ते आपल्यालाच हसले, अशी त्यांची समजूत होती. इंद्रजीत आणि तनुजा हळू बोलले, की आपल्याला कुठेतरी नेऊन ठेवायचा बेत. आणि कौशल्याबाई रोज संध्याकाळी गॅलरीत बसून हेमाशी, म्हणजे धाकट्या बहिणीशी, फोनवर बोलत आणि नाना दिसले की गप्प होत. सगळे तिथेच शिजते, याची तर त्यांना खात्रीच होती. आता आम्ही कानात असलो, की हे गाणी ऐकतायत असे समजून सगळे मोकळे बोलणार होते. मला आणले तपासणीसाठी आणि नेमले हेरगिरीवर.

वरवर तपासणी चालू होती. नानांनी मला कानात घालून मान हलवून पाहिली, वाकून चपला घालून पाहिल्या. मी पडलो नाही. डावा एकदा पडला, थेट पोह्यांच्या बशीत. मला नवल वाटले नाही. जेवताना पापड खाल्ला तर तो डोक्यातच फुटल्यासारखा वाटतो, अशी त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. इंद्रजीतच्या स्कूटरवर मागे बसले, तर वारा माझ्यात शिरून नुसता घोंघावत राही. माझा जोर संपत आला, की माझ्यातून एक बाई इंग्रजीत सूचना देते. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा नानांनी मागे वळून पाहिले आणि दरडावून विचारले, "कोण आहे?" आणि हे विचारताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. ते दचकले. आपण एवढे ओरडतो, हे त्यांना माहीतच नव्हते.

पण खरे काम वेगळेच होते. नाना दिवाणखान्यात डोळे मिटून, गाण्याला ताल धरल्यासारखी बोटे हलवत बसत आणि मी घरभरचे बोलणे गोळा करून आणत असे. कचऱ्याची गाडी आली नाही. भेंडी जून निघाली. तनुजाच्या साहेबांना सुट्टी मागायची कशी. कढीपत्त्याच्या कुंडीला मुंग्या लागल्या. स्वयंपाकघरातले हसणे होते, ते इंद्रजीतने मिठाऐवजी साखर घातली म्हणून.

"सावध आहेत," नाना पुटपुटले. मलाही तसेच वाटले. एवढे साधे कोणी बोलते का? नाना आणि मी आणखी कान देऊन ऐकू लागलो. मुदत संपत आली. तनुजा विचारी, "नाना, काय ठरलं?" आणि नाना म्हणत, "तपासणी चालू आहे."

दिवस जात राहिले आणि हळूहळू नानांच्या बोटांचा ताल थांबला. काय झाले आहे, ते मला त्यांच्याआधी कळले होते. कारस्थान नव्हतेच. त्या घरात नानांविषयी एक शब्दसुद्धा कोणी बोलत नव्हते. चांगला नाही, वाईटही नाही. त्यांच्याशी बोलले जाई ते एवढेच. जेवायला चला. गोळी घेतली का? दार लावा. तेही ओरडून. बाकी सगळे घर एकमेकांशी बोलत होते आणि नाना त्यात नव्हते. मित्रांनो, संशय खोटा ठरला की माणसाला आनंद होतो असे मी ऐकले होते. नानांना तो झाला नाही. ते फार एकटे दिसू लागले आणि मला त्यांची दया आली.

मग ती संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार होती आणि खोके टेबलावर तयार ठेवले होते. कौशल्याबाई फुलीच्या खुर्चीत बसून हेमाशी बोलत होत्या. गुडघे, कुंडी, शेजारणीच्या मुलीचे लग्न, नेहमीचेच. पलीकडून हेमाने काहीतरी विचारले असावे. कौशल्याबाई अगदी हळू म्हणाल्या, "यांना? नाही गं सांगितलं. मंडईत चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधार झाला, भीती वाटली मला. आता भीती काय ओरडून सांगायची असते?"

नाना होते तसेच बसून राहिले. त्यांच्या कानातली शीर माझ्याशेजारी जोरात उडत होती. इतके दिवस ज्या एका वाक्याची वाट पाहिली, ते हे निघाले होते.

फोन ठेवून कौशल्याबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून मेथी निवडू लागल्या. नाना दारात जाऊन उभे राहिले. आता त्यांना स्वतःचा आवाज कळत होता, म्हणून ते हळू म्हणाले, "मंडईत पाणी कोणी दिलं?"

"सरुबाईनं, भाजीवालीनं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. त्या वळल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी नाही सांगितलं."

"हेमाला सांगत होतीस."

त्यांनी नानांच्या कानांकडे पाहिले. आजवर कोणावर शंका न घेणारी ती बाई, पण तिच्या डोळ्यांत संशयाची नजर उतरली. ती नजर मी बरोबर ओळखतो.

"कधीपासून ऐकू येतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि चोरून ऐकत बसलात?"

"हो."

"मग? काय काय ऐकलंत स्वतःबद्दल?"

"काहीच नाही," नाना म्हणाले. "मी वाट बघत होतो, कौशल्या. एक शब्द नाही. अगं, शिव्या तरी द्यायच्या होत्यास."

त्या स्टुलावर बसल्या. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं," त्या म्हणाल्या. "ओरडलं की माझं मलाच भांडल्यासारखं वाटतं. तुम्ही चिडता. मग राहून जातं. असं करत करत सगळंच राहून गेलं."

मग त्या एकदम उठल्या. त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. स्वयंपाकघराच्या पार टोकाला जाऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि जेमतेम ओठ हलवून म्हणाल्या, "चक्कर आली म्हणून तपासून घेतलं, त्याचा रिपोर्ट आणायला उद्या जायचंय. एकटीला जायची भीती वाटते."

मित्रांनो, तेव्हा मी जीव पणाला लावला. डाव्यानेही लावला असणार, हे मला मान्य केले पाहिजे.

"मी येतो," दारातून नाना म्हणाले. "रिक्षानं जाऊ. स्कूटरवर यात वारा घोंघावतो."

कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात तनुजा ऑफिसातून आली आणि तिला सगळा प्रकार कळला. "म्हणजे नाना, मी चहा टाकू का विचारलं, ते ऐकू आलं होतं?"

"आलं होतं. चहा मात्र अजून आलेला नाही."

चहा झाल्यावर नानांनी रंगाची डबी, ब्रश आणि खडू आणून टेबलावर ठेवला. हिरव्या रंगात ब्रश बुडवला आणि थांबले. "मला नाही चालणार," ते म्हणाले. "माझा हात यात गुंतला." त्यांनी ब्रश कौशल्याबाईंपुढे धरला.

त्यांनी माझी डबी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. ब्रश बाजूला ठेवला, खडू उचलला आणि डबीच्या बुडाला एक पांढरी रेघ ओढली. "माझा नाही एवढ्यात विश्वास बसत," त्या म्हणाल्या. "बोलून बघावं लागेल."

रिपोर्टात फार काही निघाले नाही, गोळ्यांवर भागले. डॉक्टर काय म्हणाले ते नानांनी स्वतःच्या कानांनी, म्हणजे आमच्यातून, ऐकले. मी काही परत दुकानात गेलो नाही. आता माझ्यावर ओरखडे पडले आहेत, माझा दम लवकर संपतो. कानाचे खरे यंत्र घेऊ म्हणून तनुजा मागे लागली आहे, आणि नाना हल्ली "बघू" म्हणतात. ते यंत्र कसले असेल, कोण जाणे. माझा त्याच्यावरही विश्वास नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. मला जपून ठेवा, पाण्यात पाडू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याला नुसते जेवायला बोलावून सोडू नका. जवळ जाऊन बसा आणि कढीपत्त्याला मुंग्या लागल्या, तेही सांगा. नाहीतर तो वाट बघत बसतो, आणि ते फार वाईट असते.

खडूची रेघ टिकत नाही, हाताळली की पुसते. म्हणून रोज संध्याकाळी कौशल्याबाई फुलीच्या खुर्चीत बसतात, शेजारी नाना बसतात, आणि अंधार पडेपर्यंत त्या मला तपासत राहतात. उठताना डबी उलटी करून नवी रेघ ओढतात आणि म्हणतात, "अजून खात्री नाही. उद्या परत बघू." एके काळी त्या हिरव्या ठिपक्यासाठी माझा जीव तुटत असे. आता ब्रश दिसला तरी मला धडकी भरते.