सतरा नंबरचा खण

डॉर्कस पेल्कीने रिव्हॉल्वरचं चक्र बाहेर पाडून ते उलटं केलं. पाच काडतुसं काउंटरवर टपटप सांडली. एक घरंगळत लोणच्यातल्या अंड्यांच्या बरणीला जाऊन टेकलं, ते तिने तळहाताने ओढून घेतलं. पाचही कागदी पाकिटात घातली आणि पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहिलं.

"नऊ नंबर," ती म्हणाली.

नोएलाने किल्ली घेऊन निघून जायला हवं होतं. ती हलली नाही. अंगात वृद्धाश्रमाचा फिका जांभळा गणवेश होता, वर बापाचा शिकारीचा कोट. बुटांना घोट्यापर्यंत मार्चचा चिखल.

"काल तो परत आला होता. वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये. गाडीतून उतरला नाही, नुसता हात हलवला."

"जजने तीनशे फूट लांब राहायला सांगितलंय ना त्याला?"

"टेप घेऊन आला होता, मिसेस पेल्की. मोजून उभा होता."

डॉर्कसने पाकिटाची कड उगाच दोनदा दुमडली.

"मी पूल कशी ओलांडते हे त्याला पाठ आहे," नोएला म्हणाली. "रिकाम्या हाताने. जाताना रिकामी, येताना रिकामी. आजच्या दिवस राहू दे माझ्याकडे."

"आणि पकडलं तर? भरलेलं असलं तर निदान साडेतीन वर्षं तुरुंग, पोरी. तोवर तुझी लेक कोणाकडे जाईल?"

नोएलाने किल्ली उचलली. दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही." आणि गेली.

सरोवराच्या या काठाला व्हरमाँट, त्या काठाला न्यूयॉर्क. शहर नव्हे, राज्य. शहर तिथून पाच तासांवर, आणि तिथल्या कोणाला हा काठ असतो हेही ठाऊक नाही. या काठावर कमरेला पिस्तूल लावून फिरायला परवाना लागत नाही. परवाना द्यायची खिडकीच सरकारने उघडलेली नाही. त्या काठावर तेच पिस्तूल, तोच माणूस, तीच कंबर, आणि बेड्या. परवाना काढतो म्हटलं तर पलीकडचे म्हणतात, तुम्ही इथले रहिवासी नाही. मध्ये अर्ध्या मैलाचा पूल. पुलाच्या मधोमध पाटी. पाटीच्या अलीकडे तुम्ही गृहस्थ, पलीकडे गुन्हेगार. आणि गावाच्या पोटाची सगळी सोय पलीकडे: कागदाचा कारखाना, वृद्धाश्रम, इस्पितळ. दोन्हीकडच्या राजधान्यांत बसून ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्यापैकी एकालाही कधी रोज सकाळी हा पूल ओलांडावा लागला नाही.

म्हणून डॉर्कसचं दुकान. गळाचे किडे, कॉफी, अंड्याचं सँडविच, आणि काउंटरमागच्या भिंतीत पितळी दारांचे चोवीस खण. गावचं पोस्ट बंद झालं तेव्हा पोस्टमास्तरीण तीच होती. तिने पत्रांचे खण भिंतीसकट उचलून आणले. कामाला जाताना लोक पिस्तूल ठेवून जात, येताना घेऊन जात. कुलूप, किल्ली, नाव. एकतीस वर्षं तिने गावाची पत्रं हाताळली होती: वकिलांची, तुरुंगातली, दुसऱ्या बायकांची. एकही उजेडात धरून पाहिलं नाही, एकाबद्दलही कोणाला विचारलं नाही. बंदुकांना तोच नियम. या नियमाचा तिला अभिमान होता, आणि गावालाही.

दहाच्या सुमाराला रॉइस टेट्रो आला.

टोपी काढून आत आला, पाय पुसून. तो याच गावचा. लग्नानंतर कारखान्याच्या नोकरीसाठी पलीकडे राहायला गेला. नोएला त्याला सोडून अलीकडे आईच्या घरी आली, तो तिकडेच राहिला. खिडकीपाशी एल्डन आणि हॉलिस दोघे म्हातारे पत्ते कुटत बसले होते. रॉइसने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

"हॉलिस, अजून जिवंत?"

"तुझ्या लग्नात उसने घेतलेले बूट परत मिळेपर्यंत मरत नाही."

"लग्न गेलं, बूटही गेले." रॉइस हसला. सँडविच मागितलं, उभ्यानेच अर्धं खाल्लं. मग खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "सतरा नंबर, मिसेस पेल्की."

डॉर्कसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

पिस्तूल तिथे पाच वर्षं होतं. पलीकडे परवान्यासाठी चार भल्या माणसांची सही लागते. रॉइसला चार मिळाली नसती. म्हणून तो ते अलीकडे ठेवायचा, घरी न सांगता रविवारी येऊन खाणीपाशी नेम धरून डबे फोडायचा, परत ठेवायचा. गेल्या आठ महिन्यांत मात्र आला नव्हता.

"जजने तुझी हत्यारं जमा करून घेतली ना?" ती म्हणाली.

खिडकीपाशी पत्त्यांचा आवाज थांबला. डॉर्कसने दुकानात कोणाला प्रश्न विचारल्याचं त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं.

"घेतली की. दोन रायफली, एक शॉटगन. जज म्हणाला, आणखी काही? म्हटलं, मायबाप, या राज्यात माझं आणखी काही नाही." रॉइसने ओठाला लागलेलं अंडं अंगठ्याने पुसलं. "शपथेवर. अक्षर न अक्षर खरं."

हॉलिस हसला. हसू दाबायचा प्रयत्न त्याने केला, पण हसला.

"आज नाही, रॉइस."

"म्हणजे?"

"म्हणजे देत नाही."

"पण ते माझं आहे."

"आहे."

"मग तुम्ही कोण? कोर्ट?"

डॉर्कसने फोन उचलला. अलीकडच्या पोलिसाला ती त्याच्या पाळण्यापासून ओळखत होती. बोलताना तिने रॉइसकडे पाठ केली नाही. फोनमधला आवाज दुकानभर ऐकू येत होता: तो ओरडतोय का? नाही? धमकी दिली? नाही? मग कसं करायचं, डॉर्कस. तो कागद तिकडच्या कोर्टाचा, आमच्याकडे आलाय का ते बघावं लागेल. सोमवारी बघतो. वस्तू त्याची, दुकान तुझं. तूच ठरव.

त्या दिवशी गुरुवार होता.

"ऐकलंत," रॉइस म्हणाला. अजिबात चिडला नाही तो. उरलेलं सँडविच कागदात नीट गुंडाळलं, किल्ली उचलली आणि खिडकीकडे वळून म्हणाला, "आज माझं अडलं. उद्या कोणाचं, ते बघा बुवा." टोपी घातली. दार हळू लावलं.

एल्डनने हातातले पत्ते पालथे ठेवले.

"त्याचं त्याला द्यायचं होतंस," हॉलिस म्हणाला.

"बायकोला मारायला?"

"ते मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

"म्हटलं, त्याचं त्याला."

एल्डन उठला. त्याच्या गुडघ्याला वेळ लागतो, तेवढा वेळ डॉर्कस त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांची ओळख. तिच्या नवऱ्याची शवपेटी उचलणाऱ्यांतला एक.

"चार नंबर, डॉर्कस. माझं काढ."

"तुला मी नाही म्हटलंय का कधी?"

"आजपर्यंत नाही."

तिने काढून दिलं. एल्डनने किल्ली काउंटरवर ठेवली आणि वर बोट आपटलं, कायमची ठेवली हे कळावं म्हणून.

तीन वाजता कारखान्याची शिफ्ट सुटली. बातमी त्याआधीच पूल ओलांडून गेली होती. एकामागून एक आले, रोजच्यासारखेच, पण कोणी कॉफी घेतली नाही. कोणी भांडलंही नाही. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. बाप, मुलगा आणि जावई असे एका घरातले तिघे आले, तिघांनी तीन किल्ल्या ठेवल्या. जावई जरा बोलका. "बाई, जज पलीकडे भरपूर आहेत. अलीकडे तरी नको."

"तुझी बहीण असती नोएलाच्या जागी तर?"

"नाहीये ना."

संध्याकाळपर्यंत अकरा दारं उघडी पडली होती. ज्यांना नोएला टेप घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला गेली असती, आणि ज्यांनी 'वाईट झालं पोरीचं' म्हणून मान हलवली असती, तेच सगळे. त्यांना नोएलाचं वाईट वाटत होतंच. फक्त स्वतःच्या कमरेचं आधी वाटत होतं.

पाचला नोएला आली. दिवेलागण झाली नव्हती, सरोवरावरचा फुटका बर्फ अजून दिसत होता. डॉर्कस दिवसभर या एकाच माणसाची वाट बघत होती. तिने सगळं सांगितलं, थोडं घाईने, पोस्टमास्तरणीला न शोभेलशा घाईने. शेवटी म्हणाली, "नाही दिलं मी. गाव गेलं तर गेलं."

नोएला भिंतीकडे बघत होती. अकरा उघडी दारं, मग नऊ नंबर बंद, आणि त्याच्या बरोबर खाली सतरा.

"ते इथे होतं?"

"बंद आहे. माझ्या हाताशिवाय..."

"इथे होतं. माझ्या खाली."

डॉर्कसने सतराच्या दारावर तळहात ठेवला.

"आठ महिने मी रोज सकाळी तुम्हाला सांगतेय. दार लाथाडलं ते सांगितलं. कुत्रं मेलं ते सांगितलं. जजसमोर मी शपथेवर म्हटलं, त्याच्याकडे आता काही उरलं नाही. त्या रात्री कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा झोपले." आवाज चढला नव्हता. "आणि तुम्ही माझी काडतुसं पाकिटात घालत होतात, त्याच्या पिस्तुलाच्या डोक्यावर ठेवायला."

"मी कोणाचं कोणाला सांगत नाही, नोएला. तुला ठाऊक आहे. तुझंही कधी कोणाला..."

"मला फरक पडला असता?"

"काय?"

"माझं कोणाला सांगितलं असतंत तर. सांगायला हवं होतंत की." तिने किल्ली पुढे सरकवली. "नऊ नंबर."

डॉर्कसने काढलं. पाकीटही दिलं. रोज नोएला ते तसंच पिशवीत टाकायची. आज तिने तिथेच उभ्याने पाचही काडतुसं भरली, एकेक करून, चुकली तर पुन्हा. चक्र लावलं. किल्ली घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्कस दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती. साडेसहाला नोएलाची हिरवी गाडी वळणावर दिसली. वेग कमी झाला नाही, काही ठेवायला ती थांबली नाही. काचेतून शिकारीचा कोट दिसला, चेहरा नाही. चिखलाचे शिंतोडे डॉर्कसच्या पायावर उडाले आणि गाडी पुलाच्या दिशेने गेली.

डॉर्कस आत गेली. सतराची किल्ली रॉइसकडे होती. तिने किड्यांचे डबे उघडायचा पेचकस घेतला आणि पितळी दार बिजागरीतून उचकटलं. इतक्या वर्षांत तिने कोणाचा खण फोडला नव्हता. पिस्तूल तिला वाटलं होतं त्याहून हलकं निघालं. ते जिथे जायला हवं होतं ते कोर्ट पलीकडे होतं, आणि ते तिथे न्यायचा कायदेशीर मार्ग तिला रात्रभर विचार करूनही सापडला नव्हता. या बाजूने सोमवार. त्या बाजूने साडेतीन वर्षं. तिने ते गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं, वर काही झाकलं नाही, आणि निघाली.

पुलावर ट्रकांची रांग खोळंबली होती म्हणून नोएला अजून उतारावरच होती, मध्ये दोन ट्रक. पलीकडच्या टोकाला पोलिसांची गाडी उभी होती. आठवड्यातून दोन-तीन सकाळी असते. हिरवी गाडी तिच्यासमोरून गेली. पोलिसांची गाडी हलली, रस्त्यावर आली, हिरव्या गाडीच्या मागे लागली. दिवे अजून लागले नव्हते. कदाचित काहीच नव्हतं. कदाचित आतला पोलीस कॉफी प्यायला निघाला होता.

डॉर्कसने हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. पाटी ओलांडल्यावर तिने गाडी रस्त्यात आडवी घातली. मागच्या गाड्यांचे ब्रेक किंचाळले, कोणीतरी आईवरून शिवी दिली. तिने काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पण कोपराने हॉर्न दाबतच राहिली.

पोलिसांची गाडी थांबली. मग उलटी वळून परत येऊ लागली. पुढे हिरवी गाडी वृद्धाश्रमाच्या रस्त्याला लागली आणि झाडांआड गेली. नोएलाने मागे वळून पाहिलं की नाही, ते इतक्या लांबून कळण्यासारखं नव्हतं.

तरुण पोलीस चालत आला. "काय झालं, बाई? बरं वाटत नाहीये का?"

"शेजारच्या सीटवर पिस्तूल आहे," डॉर्कस म्हणाली.

त्याचा हात कमरेकडे गेला. तो दोन पावलं मागे सरला आणि ओरडला, हात दिसू देत, हात दिसू देत. ते दिसतच होते, म्हातारे, डागाळलेले, स्टिअरिंगवर सरळ ठेवलेले.

"माझं नाही ते," ती म्हणाली. "कोणाचं आहे, विचारा मला."

"गप्प बसायचं! एक शब्द बोलायचा नाही!"

"विचारा," डॉर्कस म्हणाली.