पुढे उतार आहे

चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या या गृहस्थाला लांबचं काही कळत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या आधी ते त्याला स्वतःला ठाऊक होतं. लोकांना अगदी खालच्या ओळीतलं बारीक अक्षर वाचायला लावणाऱ्या या माणसाने, लग्न नवं असताना, बायकोला सायकलवरून थेट समुद्रापर्यंत नेलं होतं. तिची सायकल मागे, याची पुढे. आणि वाटेतल्या प्रत्येक चढावर मान वळवून एकच वाक्य, "एवढं वळण घे, पुढे उतार आहे."

उतार कुठला? वळणापुढे चढ होता, चढापुढे वळण होतं आणि तिथे पुन्हा नवऱ्याचा तोच घामेजलेला, हसरा चेहरा होता.

पण ती सहल दोघांना जन्मभर पुरली. हातपंपाचं गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं, बूट उशाला घेऊन झाडाखाली आडवं व्हायचं, उकडलेली अंडी सोलून खायची आणि मिठाची पुडी वाऱ्याने उडाली म्हणून एकमेकांवर चिडायचं. सुख म्हणजे एवढंच, पण ते नुसतं आठवलं तरी दोघांची कळी खुलायची. नकाशा अर्थातच त्याच्या ताब्यात होता. तो उलटा धरल्यामुळे एक अख्खा दिवस आपण समुद्राकडे पाठ करून जोरजोरात पायडल मारत होतो, ही हकिगत तो पाहुण्यांना स्वतःच रंगवून सांगायचा. कारण त्याने सांगितली नसती तर बायकोने सांगितली असती, आणि ती काही हातचं राखून सांगणारी नव्हती.

त्या सहलीने घराला एक शब्द दिला. गोड बोलून मारलेल्या थापेला या घरात 'उतार' म्हणत. औषध कडू नाही असं सांगितलं की लहानपणी लेक डोळे बारीक करून विचारायची, "उतार का?" पुढे जावई पहिल्यांदा जेवायला आला आणि करपलेला भात छान झालाय म्हणाला, तेव्हा मायलेकी एकदम ओरडल्या, "उतार!" बिचारा खुर्ची कुठे कलली आहे ते वाकून बघू लागला.

तर अशा घरातल्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके काढून झाल्यावर डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "वा काकू! दुखण्याला चांगला उतार आहे."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येताना गाडीत ती हळूच म्हणाली, "गुडघा वाया गेलाय ना? तुम्हाला सगळं माहीत आहे."

"अगं, त्यांचा उतार खरा होता!"

"खरा उतार," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तो तुम्ही मला दाखवणारच होतात."

त्याच्या शब्दाची पत त्या घाटातच संपली होती. लेकीने फोनवरून समजावलं, डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, पण सगळे मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतायत हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. व्यायाम घेणारी मुलगी बजावत होती की आत्ता पाय वाकवला नाही, तर तो कायमचा आखडेल. ही मात्र खुर्ची सोडायला तयार नाही. ही बाई अशीच बसून राहिली तर आपलं कसं व्हायचं, या विचाराने त्याला जेवण जाईना.

शेवटी दोघं व्यायामाच्या खोलीत गेली. पलीकडच्या भिंतीशी एक जागच्या जागी चालणारी सायकल होती. "काकू, नुसता पाय फिरवायचाय," मुलगी म्हणाली. काकूंनी वॉकर जवळ ओढला आणि दाराशेजारच्या खुर्चीत घट्ट बसून घेतलं. मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली, आणि आपल्या गृहस्थाच्या अंगात वीरश्री संचारली.

"बघ, किती सोपं आहे!" सायकलवर चढत तो म्हणाला. "हिला ना चढ, ना उतार. वळणसुद्धा नाही!"

आणि त्याने असं काही पायडल मारलं की बुटाची सुटलेली नाडी त्यात गरागरा गुंडाळली गेली. पाय जखडला. खाली वाकावं तर पोट आड येत होतं. पुढे मारलं की नाडी आवळायची, मागे मारलं की तो स्वतःच कलायचा. "अगं... अगं!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"नाटकं पुरेत," ती म्हणाली. मग त्याचा लालबुंद चेहरा दिसला. "अहो, हलू नका! पडाल! या वयात हे धंदे सांगितलेत कुणी?"

बडबडतच ती आली, सायकलला टेकली, आणि हात खाली घालून नाडी उलगडू लागली.

वॉकर तिकडे खुर्चीशीच होता. 'चाललीस की गं!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते त्याने कसेबसे गिळले.

नाडी सुटली. तिने मागे वळून पाहिलं, रिकामी खुर्ची पाहिली, आणि सायकलच्या दांड्यावरची तिची बोटं पांढरी पडली.

"थांब, मी वॉकर आणतो," तो उतरायला लागला.

"तुम्ही बसा." तिने दांड्यावरचा हात सोडला. "मी जाते."

ती निघाली. खोलीच्या मधोमध थांबली.

"अहो, बोला ना काहीतरी."

"लांब आहे गं अजून," तो म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली, आणि तिने पुढचं पाऊल टाकलं.