बत्तिसावी मुलगी

शिबिराच्या पहिल्याच सकाळी नाश्त्याचं एक ताट उरलं. स्वयंपाकघरातल्या मावशींनी ते झाकून ठेवलं. इतक्या मुली म्हटल्यावर एखादी झोपाळू असायचीच. प्रार्थनेच्या वेळी एक खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा गीतं शिकवणाऱ्या ताईंना वाटलं, कुणाचं तरी पोट दुखत असेल, पडली असेल खोलीत. प्रत्येकीने त्या मुलीला मनातल्या मनात कुठेतरी नेऊन बसवलं आणि सगळ्या निर्धास्त झाल्या. चर्चच्या कामात हे नेहमीचंच. देवावर जेवढी श्रद्धा, तेवढीच ‘कुणीतरी बघत असेल’ यावर.

दुपारी तळ्यावर ती श्रद्धा कामाला आली नाही.

तिथे शिट्टीताई होत्या. पोहणं शिकवायच्या आणि गळ्यातली शिट्टी जेवतानाही काढायच्या नाहीत. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजायची, सगळ्यांनी बाहेर येऊन ओळीत उभं राहायचं, मग डोकी मोजायची. यादीत बत्तीस मुली होत्या. डोकी भरली एकतीस. ताईंनी पुन्हा मोजलं. एकतीसच.

“हसू नका गं!” त्या ओरडल्या. तोपर्यंत कुणी हसतही नव्हतं.

काडी ओळीच्या टोकाला केस पिळत उभी होती. काडी हे नाव कालच बसमध्ये पडलेलं. चौदा वर्षांची ही मुलगी नुसती उंचच वाढत चालली होती, अंग धरत नव्हती, आणि शेजारी बसलेल्या चष्मिशने बारसं उरकून टाकलं होतं.

शिबिराच्या प्रमुख म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी. सगळे त्यांना पाळकबाई म्हणत. त्या यादी घेऊन धापा टाकत आल्या आणि एकेक नाव वाचू लागल्या. नवव्या नंबरला काडीचं नाव आलं, “हजर” म्हणून ती मोकळी झाली. असं करत करत एकतीस झाल्या. मग बत्तिसावं नाव आलं आणि काडीच्या हातातून केस सुटले.

ते तिचंच नाव होतं.

शाळेतलं नव्हे, बाप्तिस्म्याचं. आजीने हौसेने ठेवलेलं, कागदोपत्री फारसं कुठे न लागलेलं. घरात तिला त्या नावाने फक्त बाबा हाक मारायचे. दोन वर्षांपूर्वी बाबा वेगळे राहायला गेले आणि ते नावही त्यांच्याबरोबर गेलं. आईने सगळ्या अर्जांवर स्वतःचं माहेरचं आडनाव लावायला सुरुवात केली. इथे तर त्या नावापुढे बाबांचं आडनाव होतं.

पाळकबाईंनी ते तीनदा वाचलं. पण काडी तर नऊ नंबरला हजर होती! एका मुलीने दोनदा हजर कसं व्हायचं? तिचं डोकं चालेना. मग एकच गोष्ट सुचली आणि ती सुचली नसती तर बरं झालं असतं. बाबांच्या नव्या घरात दुसरी मुलगी असणार. तिच्याच वयाची, कुणाची तरी, आता बाबांची. आणि बाबांनी तिला हे नावही देऊन टाकलंय.

“हात धरा! साखळी करा!” शिट्टीताई ओरडल्या.

सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. मोठ्या मुली आणि ताया हातात हात घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि पायांनी तळ चाचपत एकेक पाऊल पुढे सरकू लागल्या. काडीच्या एका हाताला चष्मिश होती, दुसऱ्या हाताला मावशी. मावशींची साडी पाण्यावर फुगली होती आणि त्या सारख्या “प्रभू, प्रभू” म्हणत होत्या. काठावर लहान मुली रडायला लागल्या होत्या.

काडी पाऊल टाकायची आणि थांबायची. पायाखाली गाळ, मग दगड, मग काहीतरी मऊ. शेवाळ होतं. पहिल्या दहा पावलांत तिला त्या मुलीचा भयंकर राग आला. माझे बाबा घेतलेस, नाव घेतलंस, वर इथेही आलीस? पुढच्या दहा पावलांत स्वतःचीच लाज वाटली. मग ती पुटपुटायला लागली, देवा, ती सापडू दे, बाबा तिलाच राहू देत, पण ती इथे, माझ्या पायाखाली सापडू देऊ नकोस. अशी उलटसुलट प्रार्थना तिने जन्मात केली नव्हती.

तेवढ्यात काठावरून हाक आली आणि साखळी मागे फिरली. पाळकबाई ऑफिसमधून त्या मुलीचा फॉर्म घेऊन आल्या होत्या. त्यावर फोटो होता.

“हिला पाहिलंय का कुणी? नीट बघा गं.”

चष्मिशने ओल्या हाताने चष्मा पुसला, फोटो पाहिला, मग काडीकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

“बाई, ही तर ही आहे!”

फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. गाल होते, दोन वेण्या होत्या, पण मुलगी हीच होती. शिट्टीताई मटकन वाळूत बसल्या. मावशी आधी देवाचे आभार मानून हसल्या आणि मग काडीच्या पाठीत एक धपाटा घातला.

“जीव घेतलास की गं आमचा!”

ऑफिसात पाळकबाईंनी टेबलावर दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. एक आईचा. दुसरा बाबांचा. त्यांच्या फॉर्मवर ती तिरकी, घाईची अक्षरं काडीने लगेच ओळखली.

*पोहता येतं का?* नाही. पाण्याला फार घाबरते. कृपया हात धरून न्यावं.

*न्यायला कोण येणार?* वडील. तिला चालणार असेल तरच.

आणि अगदी खाली: तिच्या आईला विचारून नक्की कळवतो.

“कळवलंच नाही त्यांनी,” पाळकबाई म्हणाल्या. “आमच्या माणसाने ही ओळ न वाचताच नाव यादीत चढवलं. चूक आमचीच. पण बाळा, आता एक नाव मला खोडायला हवं. कुठलं खोडू?”

बाबांना दुसरी मुलगी नव्हती, म्हणून काडीला आनंद झाला होता. पण जे दोन वर्षांत एकदाही भेटायला आले नाहीत, त्यांनी तिचा फॉर्म का भरावा, असंही वाटत होतं. शिवाय आई म्हणायची, त्यांनी तुझी चौकशीसुद्धा केली नाही. मग आई खोटं बोलली? की आईला खरंच ठाऊक नव्हतं? एकावर राग धरावा तर दुसऱ्याचं तोंड आठवत होतं.

“नाव कुठलंही खोडा,” ती शेवटी म्हणाली. “न्यायला येणारं कुणी खोडू नका.”

“अगं, शनिवारी दोघंही आले तर? जाशील कुणाबरोबर?”

“माहीत नाही.”

“मग निदान तुझ्या वडिलांना कळवायला तरी हवं,” म्हणत पाळकबाईंनी बाबांच्या फॉर्मवरचा नंबर लावला. आपण कुठून बोलतोय हे सांगेपर्यंत पलीकडचा आवाज सुरूही झाला. फोन टेबलापलीकडेही ऐकू येत होता.

“हो, हो, मी रद्द करायला फोन करणारच होतो. विचारायचा धीरच झाला नाही हो. ती काही येणार नाही.”

“ती आलेली आहे,” पाळकबाई म्हणाल्या आणि फोन काडीच्या हातात दिला.

बाबांनी तिला त्या जुन्या नावाने हाक मारली. विचारायचं तर किती होतं. का गेलास, का आला नाहीस, आईला फोन केला होतास की नाही. यातलं एकही तिच्या तोंडून बाहेर पडेना.

“बाबा,” ती म्हणाली, “मला पोहता येतं.”

“हो?” बाबांनी विचारलं. “कुणी शिकवलं गं?”

“आईने,” काडी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. ते आईसाठी होतं की बाबांसाठी, हे तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.