छातीवरची मऊ पट्टी

माझी लेक दामिनी दिवस भरायच्या आधीच जन्मली. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना तिच्या छातीवर एक मऊ पट्टी लावली, कातडीबरोबर वाकणारी. म्हणाल्या, "पापाचा, म्हणजे बाळाचा, श्वास ही पट्टी फोनला सांगेल. फोनमधलं एआय तिचीच लय शिकत जाईल. श्वास अडला की वाजेल."

फोन वाजायचा, पण तेलाने. माझ्या सासूबाई, शकुबाई, उन्हात पाय पसरून नातीला चोळायच्या, पट्टीची कड सुटायची, की फोन कोकललाच.

"तुह्या फोनाले लय भेव वाटते वं, पूनम," त्या हसायच्या. "लेकरू उगी अन् हाच रडून राह्यला."

शेवटी छाती सोडून तेल लावायचं ठरलं.

त्या सकाळी न्हाणं झाल्यावर त्यांनी शेगडीत पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळक्या काड्यांचे, निखारे घेतले, वर ओवा नि लसणाची सालं टाकली आणि दामिनीला धुरीवर धरलं. ती लगेच शांत झाली. फोन वाजला.

"बंद कर त्याले. पुन्हा तेल लागलं असन."

मी बंद करायलाच उठले होते. जाता जाता पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडी. घट्ट चिकटलेली. मग छातीकडे पाहिलं, तर ती हलत नव्हती. ओठ निळसर.

मी तिला हिसकावलंच. अंगणात नेऊन, डॉक्टरीणबाईंनी दाखवले होते तसे तळवे चोळले. "दामिनी, माय माही, घे ना वं श्वास."

एक बारीक उचकी. मग रडणं.

मी आत आले तेव्हा सासूबाईंनी शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं होतं. हिसकावल्याबद्दल बोलतील असं वाटलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"माह्या दोघी पोरी गेल्या ना, त्यायले मी अशीच धरो. शांत व्हायच्या. मी म्हणो, सुखावल्या."

विझलेल्या शेगडीकडे पाहत म्हणाल्या, "तवा काहीच वाजलं नाही वं."

त्या दोघींचा विषय घरात कधी निघत नसे. 'धुरीनंच गेल्या असं नाही, आत्या' असं सासूबाईंना म्हणणार होते, पण मला तरी कुठे ठाऊक होतं? मी दामिनीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी हात मागे घेतले.

"घ्या ना," मी म्हटलं. "आत्ताच दवाखान्यात जाऊ. मी गाडीचं पाह्यतो, तवर तुमीच धरा."

त्यांनी पट्टीशेजारी तळहात टेकवला आणि स्वतःचा श्वास रोखून तिचा ऐकत राहिल्या.