पाण्याने मेलेल्या अळ्या

माझ्या हातून अळ्या मरत होत्या आणि त्याच औषधाने माझ्या धाकट्या जावेच्या हातून मरत नव्हत्या. अशा वेळी मनात पाल चुकचुकली तर त्यात माझं काय चुकलं, असं मी बरेच दिवस स्वतःलाच विचारत होते.

पिकांवरच्या अळ्या मारायचं हे औषध मी आमच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं घडवत होते. अळीचा मेंदू तिच्या शरीराला सारखे निरोप पाठवत असतो: खा, पुरे, पाणी बाहेर टाक. हे निरोप म्हणजे न्यूरोपेप्टाइडं, अमिनो आम्लांच्या इवल्याशा साखळ्या. पाणी टाकायचा निरोप पोचला, काम झालं, की अळीचं शरीर ती साखळी तोडून टाकतं. मी त्यातली एक कडी अशी बदलली की ती तुटेचना. मग अळी पाणी टाकतच राहते, खाणं सोडते आणि दोन दिवसांत सुकून जाते. शेतावर फवारायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण निदान प्रयोगाच्या आमच्या खणांच्या पेटीत तरी ती सुकायला हवी होती.

अळ्यांची खोली जाऊ सांभाळते. तिला इथं नोकरीला मीच लावून दिलं. तीस अळ्या निवडायच्या, एकेकीचं वजन करायचं, मी दिलेल्या नळीतलं औषध बशीत काढून त्यात साबणाचा अंश मिसळायचा, म्हणजे ते पानावर नीट पसरतं, आणि पानाच्या तीस चकत्यांवर एकेक थेंब सोडायचा. दोन दिवसांनी पुन्हा वजन. मी माझ्या टेबलावर ताज्या औषधाने हे केलं की तीसपैकी पंचवीस-सव्वीस मरायच्या. तिच्याकडे चार. फार तर पाच. तीन महिने हेच चाललं होतं. संचालकबाईंनी सांगून ठेवलं होतं, ज्याच्या हातात खोट निघेल त्याचा करार या महिन्यात संपेल.

भाऊजी आठ महिने घरी बसलेले. घर जावेच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. तो पगार गेला तर त्यांचं काय होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझं डोकं असं की कणव यायच्या आधी संशय येतो. इतकी नड असलेल्या माणसाला कुणीही फितवू शकतं, असं माझ्या मनाने घेतलं.

त्यात मी तिला जिन्याखाली एका माणसाशी बोलताना पाहिलं. तो कीटकनाशकं विकणाऱ्या कंपनीचा, आमच्याकडे अधूनमधून चकरा मारणारा. माझं औषध चाललं तर त्याच्या डब्यांना कोण विचारणार? मी जवळ गेले तशी दोघं गप्प झाली. काय चाललंय विचारलं तर ती म्हणाली, सहजच. पुढच्या आठवड्यात तिच्या वहीतून त्याचं कार्ड खाली पडलं आणि तिने ते माझ्याआधी उचललं. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवली. ती डबा खायला गेली की तिचे कप्पे उघडून बघायचे. सापडलं काय, तर कंगवा आणि डोकेदुखीच्या गोळ्या.

शेवटी मी सापळा लावला. दुपारी ती जेवायला गेलेली असताना तिच्या फ्रिजमधली नळी काढली. नळी बदलता येत नव्हती, कारण चिठ्ठीवरच्या क्रमांकाखाली तिने आपली सही केलेली होती आणि तो क्रमांक वहीत उतरवलेला होता. म्हणून आतलं औषध मोरीत ओतलं आणि त्याच नळीत, तुलनेसाठी कपाटात तयार असतं ते साबण घातलेलं साधं पाणी भरलं. पाण्याने अळ्या मरत नाहीत. ती प्रामाणिक असेल तर सगळ्या जिवंत लिहील. आकडे मनाचे भरत असेल तर नेहमीसारख्या चार-पाच मेल्या म्हणून लिहील आणि आयती पकडली जाईल.

दोन दिवसांनी तिने वहीत लिहिलं: तीसपैकी सत्तावीस मेल्या.

म्हणजे आकडे मनाचेच. गोड बातमी देऊन करार वाचवते आहे, वर हसत हसत मला सांगायला येते. मी तडक संचालकबाईंकडे गेले आणि पाण्याची गोष्ट सांगून मोकळी झाले. त्यांनी तिला बोलावलं. तिने पेटी आणून टेबलावर ठेवली. प्रत्येक खणात एक अळी, वाळक्या देठासारखी आक्रसलेली, शेजारी आधीचं आणि नंतरचं वजन. तीन तेवढ्या वळवळत होत्या.

संचालकबाई माझ्याकडे वळल्या. पाण्याने सुकल्या का या, एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या औषधासारखं पेप्टाइड साध्या प्लॅस्टिकला चिकटून बसतं, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी मीच शिकवते. त्यासाठी आमच्याकडे न चिकटणाऱ्या नळ्या असतात. तीन महिन्यांपूर्वी त्या संपल्या, भांडारवाल्याशी माझं वाजलं, आणि मी रागारागाने शेजारच्या टेबलावरच्या साध्या नळ्या उचलल्या. ते पुढे विसरलेही. माझ्या टेबलावर औषध काचेतून ताजं जायचं. तिच्याकडे जाणारं औषध रात्रभरात नळीच्या भिंतीला बसायचं आणि तिच्या बशीत जवळपास पाणीच पडायचं. तिचा साबण बशीत पडायचा; मी साबणाचं पाणी थेट नळीत ओतलं आणि भिंतीवरचं थोडंफार सुटून आलं.

हे मी दोघींसमोर सांगितलं. खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही, पण पेटी समोर होती. संचालकबाई खुर्चीतून उठल्याच. भिंतीवरून सुटलेल्या एवढ्याशा अंशाने सत्तावीस मेल्या म्हणजे औषध आपण धरलं त्याहून जहाल आहे, म्हणाल्या, आणि कागद ओढून आकडेमोड करू लागल्या. कराराचा विषय मिटला. सहा वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा दिवस होता, आणि मला जावेकडे बघवत नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही मला पाणी दिलंत?"

"हो."

"आणि तो माणूस?"

"मला वाटलं, त्याने तुला फितवलंय."

"तो ह्यांच्या नोकरीचं बघत होता. हेच म्हणाले, वहिनीला कळू देऊ नकोस, विष विकणाऱ्यांच्या दारात गेलो म्हणून चिडेल. त्या दिवशी सहजच म्हणाले खरं, पण पुन्हा एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं मी."

मी माफी मागितली. ती मान हलवून अळ्यांना पानं घालायला गेली.

सोमवारी नव्या, न चिकटणाऱ्या नळीत औषध घेऊन मी तिच्या खोलीत गेले. तिने नेहमीसारखी खुर्ची पुढे केली, भाऊजींची मुलाखत बरी झाली म्हणून सांगितलं. मग वही उघडून माझ्यासमोर सरकवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"ताई, या नळीत काय आहे ते तुमच्या हाताने लिहा," ती म्हणाली, "आणि खाली सही करा."