माझा धूर दिसत नव्हता

मी एक जुनी डिझेल मोटार आहे. रंग राखाडी, काचा अजून शाबूत, डाव्या दारावर बाभळीच्या काट्याने ओढलेला लांब ओरखडा. सध्या माझा मुक्काम भूमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. माझी चाके काढून भिंतीला टेकवली आहेत. बॉनेट तर कायमचेच उघडे. मित्रांनो, म्हातारपणी सगळे आपल्या उमेदीच्या काळातले पराक्रम सांगतात. मला मात्र एक चूक सांगायची आहे. ती माझ्या जन्माआधीच माझ्यात घातली गेली होती, पण घडली माझ्या हातून. म्हणून ती मीच सांगायला हवी.

माझा जन्म एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीच्या कारखान्यात झाला. नाव सांगत नाही. माझ्या इंजिनाशेजारी तळहाताएवढा एक डबा बसवला होता. त्याला संगणक म्हणतात. इंधन किती घ्यायचे, धूर किती स्वच्छ करून सोडायचा, हे सगळे तोच ठरवी. त्या डब्यात कुणीतरी एक छुपा हुकूम लिहून ठेवला होता.

हुकूम साधा होता. तपासणीच्या खोलीत गाडी फिरत्या रुळांवर उभी करतात. तिथे पुढची चाके फिरतात, मागची थांबलेली असतात आणि स्टिअरिंग जराही वळत नाही. असे दिसले की ओळखायचे, ही तपासणी आहे. मग धूर अगदी निगुतीने धुऊन काढायचा. आणि गाडी खऱ्या रस्त्यावर आली, वळणे घेऊ लागली, की धूर धुण्याचे काम अर्ध्यावर सोडायचे. त्यामुळे ओढ चांगली राहायची, डिझेल कमी लागायचे. विषारी वायू कितीतरी पट जास्त बाहेर पडायचा, पण तो मोजायला रस्त्यावर कोण बसले होते?

मी तपासणीत पहिल्या नंबराने पास झाले. माझ्या मागच्या काचेवर हिरव्या पानाचे चित्र चिकटवले गेले. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

सोलापूरच्या दुकानातून मला घरी आणले ते प्रसेनजित सरांनी. भूमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. त्यांची आई चांगुणाबाई तरुणपणी रस्त्याच्या कामावर डांबराच्या पिंपाजवळ राबायची. तिच्या पदराला येणारा तो काळा वास सर विसरले नव्हते. धुराचा त्यांना मनापासून तिटकारा होता. म्हणून गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही, गाद्या पाहिल्या नाहीत. त्यांनी माहितीपत्रक दोनदा वाचले आणि सर्वांत स्वच्छ धुराची म्हणून मला निवडले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शाळेच्या मैदानात उभे केले. आठवीचा सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. सरांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, माझ्या धुराड्याच्या तोंडाशी धरला आणि इंजिन चालू करायला सांगितले. मिनिटभराने रुमाल वर करून दाखवला. तो पांढराच होता.

"बघितलं? काजळीचा ठिपका तरी आहे का? विज्ञानानं मनावर घेतलं तर असं होतं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सहामाही परीक्षेत 'हवा स्वच्छ ठेवणाऱ्या वाहनाचे उदाहरण द्या' असा प्रश्न आला, तेव्हा अर्ध्या वर्गाने 'सरांची गाडी' असे लिहिले. सरांनी हसत हसत सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

सरांचा शब्द गावात चालायचा. त्यांचे स्नेही चन्नबसप्पा खव्याचे व्यापारी. सर त्यांना आण्णा म्हणत. त्यांनी सरांना एकच प्रश्न विचारला, "सर, घेऊ का तुमच्यासारखीच?" सर म्हणाले, "डोळे झाकून घ्या, आण्णा." आणि माझी एक पांढरी बहीण त्यांच्या दारात आली.

चन्नबसप्पांची आई इरम्मा. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. तिने चाळीस वर्षे खव्याच्या भट्टीपुढे बसून दूध आटवले होते. लाकडाच्या धुराने तिची छाती पोखरली होती. चार पावले चालली की ती भिंत धरायची. दर पंधरवड्याला तिला बार्शीच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे. चन्नबसप्पा व्यापारात अडकलेले, त्यात स्वतः गाडी चालवायला ते बिचकत. त्यांची गाडी दुकानातला पोरगा माल पोचवायला फिरवायचा. मग शनिवारची शाळा सकाळची असायची म्हणून सर म्हणाले, "अव्वाला मी नेत जाईन."

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगताना मला अवघड होते.

त्यांची गल्ली अरुंद. गाडी वळवायला जागा नाही, म्हणून सर मला मागे मागे घेत अव्वाच्या ओसरीपर्यंत न्यायचे. उन्हाळ्यात अव्वाला आत बसल्यावर घाबरे होऊ नये म्हणून दहा मिनिटे आधी इंजिन चालू करून आतली हवा थंड करून ठेवायचे. अव्वा ओसरीवर बसून चपला घालायची, पदर सारखा करायची, थांबून दम घ्यायची. तिचे तोंड आणि माझे धुराडे यांच्यात दोन हातांचे अंतर असे. तिथे उभी असताना वळण नव्हते, पण मी नुकतीच वळणे घेत आले होते. डब्याला पक्के ठाऊक होते की ही तपासणी नाही. सर प्रेमाने तिची वाट पाहत उभे राहायचे आणि मी तिच्या तोंडावर विष सोडत राहायचे. सलग दोन वर्षे.

एकदा चन्नबसप्पांनी विचारले होते, "इंजिन बंद करायचं का हो, अव्वाला ठसका लागतोय." सर म्हणाले होते, "हिचा धूर नसतोच, आण्णा. भट्टीचा त्रास आहे तो."

मग एके दिवशी ती बातमी आली. दूर परदेशात काही संशोधकांनी माझ्यासारख्या गाड्या रुळांवर न ठेवता सरळ रस्त्यावर पळवल्या आणि धूर मोजला. कंपनीची लबाडी उघडी पडली आणि गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देणे तिला भाग पडले. सरांच्या मुलीने, श्रावस्तीने, जेवताना मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. "बाबा, ही आपलीच गाडी आहे ना?"

सर ताटावरून उठले. अंगणात आले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी मागच्या काचेवरचे हिरवे पान नखाने खरवडायला सुरुवात केली. ते नीट निघेना. अर्धे निघाले, अर्धे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते अव्वाच्या ओसरीवर गेले. मला शाळेजवळ ठेवून चालतच निघाले होते, पण चन्नबसप्पा रस्त्यात भेटले आणि त्यांनी माझी किल्ली मागून दुकानातल्या पोराकरवी मलाही तिकडे आणले. म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

सर खाली मान घालून म्हणाले, "अव्वा, माझी चूक झाली. ह्या गाडीचा धूर वाईट होता. मी तुमच्या तोंडासमोर ती चालू ठेवत होतो."

चन्नबसप्पाच मध्ये बोलले. "सर, तुमी कशाला मनाला लावून घेता? पेपरवाले लई वाढवून लिहित्यात. आन दुरुस्तीला नेली की गाडी मंदावती म्हणं. चालत्या गाडीला हात कशाला लावायचा? माझी तर मी न्हाय नेणार."

अव्वाला आधी दम गोळा करावा लागे. मग म्हणाली, "सर, भट्टीचा धूर डोळ्यात जायाचा. झोंबला की म्या बाजूला सरकायची. तुमच्या गाडीचा दिसलाच न्हाय. मग म्या सरकू कुठं?"

अव्वाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तुमी फसवलं न्हाय, लेकरा. तुमालाबी फसवलंच की. पण तुमी सांगाया तरी आला. ज्यानं केलं त्यो कुठं आला?" आणि मुलाकडे वळून एवढेच बोलली, "चन्ना, गाडी दुरुस्तीला घाल."

सोमवारी सरांनी मला पुन्हा शाळेच्या मैदानात उभे केले. तो आठवीचा वर्ग आता दहावीत होता. सरांनी तसाच पांढरा रुमाल धुराड्याशी धरला. तो पुन्हा पांढराच राहिला. मुले गोंधळली.

सर म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी हे दाखवून मी तुम्हाला सांगितलं की हवा स्वच्छ आहे. ते चुकीचं होतं. रुमालाला काजळी दिसते, वायू दिसत नाही. छातीला अपाय करणाऱ्या वायूला रंगच नसतो. मला हे माहीत होतं. तरी कंपनीवर विश्वास ठेवून मी अर्धाच प्रयोग केला आणि तुमच्याकडून टाळ्या घेतल्या."

मागून एका मुलीने भीत भीत विचारले, "सर, मग आमचे ते गुण कापणार का?"

मुले हसली. सर हसले नाहीत. "तुमचे नाही. कापायचे तर माझे कापा."

मग गाडी दुरुस्तीला आणा, असे कंपनीचे पत्र आले. इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. सरांनी अंगणात उभे राहून ते वाचले. त्यात 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असे एक वाक्य होते. सरांनी तो शब्द दोनदा उच्चारला, "गैरसोय... गैरसोय..." आणि पत्र घडी करून खिशात टाकले. विदेशात त्या कंपनीवर खटले चालले, मोठे साहेब खुर्चीवरून उतरले, असे मी रेडिओवर ऐकत होते. पण अव्वाच्या गल्लीत कोणी आले नाही.

सोलापूरला माझ्या डब्यातला तो हुकूम पुसला गेला. परत येताना मला पहिल्यांदाच माझे खरे वजन कळले. बालाघाटाच्या चढावर मी धापा टाकू लागले. मागच्या ट्रकने भोंगा वाजवून मला मागे टाकले. ज्या जोरावर मी मिरवत होते तो माझा नव्हताच. तो मी कुणाच्या तरी श्वासातून उचलत होते.

चन्नबसप्पांनीही आईच्या शब्दाखातर आपली गाडी दुरुस्त करून आणली. ती मंदावली. त्यांनी सरांना त्याबद्दल कधी बोल लावला नाही. बाजारात भेटले की रामराम घालायचे, पोरीची चौकशी करायचे. पण अव्वाला न्यायला चला, असा निरोप मात्र पुन्हा आला नाही. त्यांनी अव्वासाठी वेगळा ड्रायव्हर ठेवला. सर शनिवारी शाळा सुटल्यावर उगीच माझ्यात येऊन बसायचे आणि थोड्या वेळाने उतरून घरात जायचे.

अडीच वर्षांनी अव्वा गेली. डॉक्टर म्हणाले, भट्टीने नेले. तसेच असेल. माझा त्यात वाटा किती, हे कोणत्याही यंत्राला मोजून सांगता येणार नाही. वाटा नव्हता, असेही मला म्हणता येणार नाही. त्या दिवशी सरांनी मला अंगणातच ठेवले. तिच्या अंत्ययात्रेला सगळे गाव गाड्या घेऊन निघाले होते. सर उन्हातून चालत गेले.

वर्षे गेली, मी म्हातारी झाले. सोनारीचे सोमलिंग मला विकत घ्यायला आले. काळभैरवाला येणाऱ्या भाविकांची ने-आण करायची होती त्यांना. गाडी पाहून खूश झाले. सर म्हणाले, "घेण्याआधी हिची हकीकत ऐका," आणि सगळे सांगितले, अव्वाच्या ओसरीपासून ते चढावर लागणाऱ्या धापेपर्यंत.

सोमलिंग चकित झाले. "सर, इकणारा मानूस असं सांगत असतो व्हय?"

"माझं ऐकून एकानं डोळे झाकून घेतली होती," सर म्हणाले. "तुम्ही उघडे ठेवून घ्या."

सोमलिंग चहा पिऊन निघून गेले. परत आले नाहीत. मग सरांनी मला या प्रशिक्षण संस्थेला देऊन टाकले. विद्यार्थ्यांना इंजिन खोलून शिकता येईल म्हणून. जाताना त्यांनी माझ्या ओरखड्यावरून हात फिरवला.

इथे ज्ञानोबा सर शिकवतात. परवा त्यांनी माझा तो डबा बाहेर काढला आणि वर्गाला लबाडीची सारी गोष्ट सांगितली. परंड्याकडून येणारी अर्पिता नावाची विद्यार्थिनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघत होती.

"सर, हे आपोआप झालेलं न्हाय ना? कुणीतरी बसून लिहिलं असंल?"

"व्हय. लई हुशार माणसानं लिहिलं असणार."

"मग लिहिताना त्याला ठाऊक असंल का, की ह्या गाडीमागं कुणीतरी उभं राहणारे?"

अर्पिताने डबा हळूच टेबलावर ठेवला.

मित्रांनो, आमची निगा राखा, वेळेवर तेल बदला, धूर तपासून घ्या, हे तर मी सांगेनच. उभ्या गाडीचे इंजिन बंद करा, विशेषतः मागे कोणी बसले असेल तर. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या मोठमोठ्या कारखान्यांत जाल, यंत्रे घडवाल, त्यांना हुकूम लिहून द्याल. एखाद्या दिवशी कोणी वरिष्ठ खांद्यावर हात ठेवून म्हणेल, एवढी एक ओळ घाल, तपासणीपुरतीच आहे. माझ्या वेळी ती ओळ घातली गेली आणि मी ती निमूटपणे पाळली. मला 'नाही' म्हणता येत नव्हते.

तुम्हाला येते.